तीन नव्वदचं पाणी

२४ जुलै २०२३, सोमवार

आजपासून रोजनिशी. माझ्या डोक्यात काय चालतं ते समजण्याची ऑफिसात कुणाची पात्रता नाही, म्हणून इथं लिहितो. वाचणारा मी एकटाच. निदान एक तरी समजूतदार वाचक मिळाला.

पुढंमागं कुणी माझ्याबद्दल लिहायला घेतलं तर संदर्भ असावा म्हणून: मी अजिनाथ, 'नळवार्ता' कंपनीचा सीनियर सर्व्हर इंजिनिअर. शहर चहूकडे वाढतंय, नळ मात्र आठ दिवसांआड येतो आणि नक्की कधी ते फक्त पाणी सोडणाऱ्या लाइनमनला ठाऊक. आम्ही लाइनमनला विचारतो आणि आदल्या संध्याकाळी लोकांच्या मोबाइलवर मेसेज टाकतो: उद्या तुमच्या गल्लीत अमुक वाजता पाणी. आमचा अर्धा गारखेडा भाग त्या मेसेजवर जगतो. म्हणजे पर्यायानं माझ्यावर.

काम सगळं ऑटोमेशनचं. सेटिंग्जची एक फाइल, मेसेजचं एक टेम्पलेट. टेम्पलेट म्हणजे छापील लग्नपत्रिका समजा, नाव-गाव-वेळ तेवढी रिकामी. स्क्रिप्ट फाइलीतून त्या जागा भरते आणि सगळ्या सर्व्हरवर नेऊन ठेवते. डोकं माझं, हमाली स्क्रिप्टची.

आज नव्या पोरीची फाइल पाहिली. ज्ञानेश्वरी नाव, पैठणहून रोज एसटीनं येते. तिनं प्रत्येक गोष्ट अवतरणचिन्हात घातलीय. वेळ कोटात (अवतरणचिन्हाला आम्ही कोट म्हणतो), फोनचा कोड कोटात, साधा 'नो' हा शब्दसुद्धा कोटात. प्रत्येक शब्दाला मच्छरदाणी. विचारलं तर म्हणाली, सेफ राहतं सर. सेफ म्हणे. फाइलीची ही भाषा मुळात माणसानं बोलल्यासारखी लिहायला काढलीय. बोलताना कुणी हवेत दोन-दोन बोटं नाचवतं का?

संकल्प: कोटमुक्त फाइल. ह्याच आठवड्यात.

२६ जुलै, बुधवार

मोहीम फत्ते. सगळे कोट काढले. फाइल अशी दिसतेय की न्हाव्याकडून उठून आलीय. स्क्रिप्ट चालवली, एकही एरर नाही. माझा सिद्धांत सोपा आहे: एरर आली नाही म्हणजे बरोबर आहे.

टेम्पलेटात तिनं ठिकठिकाणी फिल्टर लावले होते. वेळ चुकीची वाटली तर मेसेज अडवायचा आणि आधी लाइनमनला विचारायचं, वगैरे. तेही काढले. चहाची गाळणी सर्व्हरला लावायची नसते, असं मी तिला सर्वांसमोर सांगितलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती. माझंच वाक्य टिपून घेतलं असणार.

तात्यासाहेबांना (मालक. आधी बोअर पाडायचे, आता स्वतःला एमडी म्हणवतात) फाइल दाखवली. ते म्हणाले, छान, मोकळी मोकळी वाटते. त्यांना काहीही कळत नाही. पण मत बरोबर होतं.

२८ जुलै, शुक्रवार

घरी धोंड्याच्या जेवणाची गडबड. अधिक महिना चालू आहे. अक्षदाचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं त्यानंतरचा अधिक महिना लॉकडाउनमध्ये गेला, त्यामुळं जावयाचा पहिला धोंडा राहूनच गेला. आईच्या मनाला ते तीन वर्षं लागून आहे. ह्या वेळी सहा ऑगस्टला, रविवारी, सिल्लोडहून सगळी मंडळी येणार. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारशांचं वाण, जावयाचे पाय धुणं. बाबा गेल्यापासून पाय धुण्याचा मान माझ्याकडं. मान कसला.

जावई म्हणजे आमचे दाजी, काकासाहेब. सिल्लोडला कापूस आणि मक्याचे व्यापारी. मागच्या उन्हाळ्यात आले तेव्हा आमच्या टाकीत ठणठणाट होता. अंघोळ न करता गेले आणि ते सिल्लोडच्या अख्ख्या बाजारात सांगितलं. आईला तोंड दाखवायला जागा उरली नाही. आज परत तेच म्हणाली, "आजिनाथा, ह्या बारीला पाण्यावाचून काय व्हायला नको बरं. मला लई लाज वाटली व्हती."

मी म्हणालो, ज्या घरात नळवार्ताचा माणूस राहतो त्या घरात पाण्याची काळजी करणं हा त्या माणसाचा अपमान आहे.

दाजींचा नंबरही आमच्या गल्लीच्या यादीत टाकून दिला. बघू दे त्यांना, आम्ही काय चीज आहोत. आडतीवर बसून मक्यात हात घालून ओल सांगणारा माणूस. त्याला टेक्नॉलॉजी म्हणजे मोबाइलची बॅटरी.

२९ जुलै, शनिवार, सकाळी ७:३०

काल संध्याकाळी मेसेज आला, पाणी ०६:३० वाजता. आज साडेसहाला पाणी. ह्याला म्हणतात इंजिनिअरिंग.

आता घरातला एक जुना वेडेपणा संपवला. आमच्या गल्लीत सगळे नळ उघडे ठेवून खाली स्टीलचं ताट उपडं ठेवतात. पाणी आलं की ताट वाजतं, लोक उठून मोटार लावतात. इसवी सन दोन हजार तेवीस, आणि अलार्म कुठला तर ताट. मी आमचं ताट उचलून कपाटात ठेवलं आणि नळ घट्ट बंद केला. आई बघत राहिली. श्रेया (बायको) म्हणाली, राहू द्या की, ताट काय खातंय का. मी दोघींना ऑटोमेशन म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावलं. श्रेया मधेच कुकर लावायला गेली.

शेजारच्या बानाबाईंकडं अजून ताट आहे. वाजू दे.

३१ जुलै, सोमवार

तक्रारी. जनता ही चीजच अशी आहे.

तक्रार एक: मेसेजच्या शेवटी 'टँकर: नाही' असं यायचं तिथं 'टँकर: फॉल्स' येतंय. येणारच. मी फाइलीत नो लिहिलंय, सिस्टीमनं त्याचं शुद्ध तांत्रिक रूप केलं. नो म्हणजे फॉल्स. एवढं इंग्रजी लोकांना यायलाच पाहिजे.

तक्रार दोन: तक्रारीच्या फोनचा कोड ०२४० ऐवजी १६० छापून येतोय. लोक १६० लावतात, फोन लागत नाही, मग आणखी चिडतात. चिडतात पण लावतात १६०च. ज्या गावात जन्म गेला त्या गावाचा कोड पाठ नाही, तो माझा दोष आहे का?

ज्ञानेश्वरी म्हणाली, सर, कोट काढल्यामुळं झालंय, शून्यानं सुरू होणारा आकडा ते आठाच्या हिशोबानं मोजतं, त्याचे होतात एकशे साठ. मी म्हणालो, हे तुला कुठून कळलं? ती म्हणाली, मॅन्युअलमध्ये आहे. मॅन्युअल. सीनियर लोक मॅन्युअल वाचत नाहीत, लिहितात. मी अजून लिहिलेलं नाही एवढंच.

तात्यासाहेबांना सांगितलं की मोबाइल कंपनीकडून आकडे खराब होतायत. ते म्हणाले, कंपनीला झापा. झापतो म्हणालो.

२ ऑगस्ट, बुधवार

आई गेल्या शुक्रवारचा मेसेज वाचून विचारत होती, फॉल्स म्हणजे काय. मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणालो, इंग्रजी शब्द आहे, तुला नाही कळायचा. तिनं बानाबाईंना विचारलं. दोघींनी मिळून ठरवलं की फॉल्स म्हणजे गढूळ असणार, खोदकामामुळं. गल्लीत नव्या पाइपलाइनसाठी सहा महिने खोदून ठेवलंय, त्यामुळं अंदाज अगदीच टाकाऊ नव्हता. आईनं लगेच तुरटीचे दोन खडे आणून ठेवले.

मी समजूत दूर केली नाही. बायकांच्या चर्चेत पडायचं नाही, हा जुना संकल्प.

ज्ञानेश्वरीनं कोट परत लावू का म्हणून मेल पाठवली. तात्यासाहेबांना कॉपी करून. हल्लीच्या पोरांना ऑफिसात राहायची रीत नाही. उत्तर दिलं: आपण मागं जात नसतो. दोन शब्द जास्तच झाले, पण परिणाम चांगला.

४ ऑगस्ट, शुक्रवार

नवा विचार सुचला. सुचतो तेव्हा असा सुचतो.

फाइलीत सगळ्या वेळा ०६:३०, ०८:०० अशा लिहिल्यात. पुढचं शून्य कशासाठी? गल्लीत कुणी 'शून्य सहा तीसला या' असं म्हणतं का? नुसती शोभा. कोट गेले, आता शून्यंही गेली पाहिजेत. एक झटका आणि सगळ्या वेळा साफ: ६:३०, ८:००, ५:४५. स्क्रिप्ट चालवली. एरर नाही. सिद्धांत परत सिद्ध झाला.

ज्ञानेश्वरी लगेच टेबलाशी. म्हणाली, सर, आतापर्यंत त्या शून्यामुळं वेळा वाचल्या होत्या. आता प्लीज एकदा मेसेज बघून मग पाठवा. मी म्हणालो, शुक्रवारी पाच वाजता माणसं घरी जातात, ज्योतिष बघत नाहीत. ती पैठणची एसटी पकडायला निघून गेली. जाताना दार जरा जोरात लावलं.

संकल्प: शनिवार-रविवार ऑफिसचे फोन घ्यायचे नाहीत. विशेषतः ज्युनिअरांचे.

५ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी ७

उद्या धोंडा. घरात पुरण शिजतंय. अनारसे झाले, मोजून तेहतीस, आणि तीन फुटलेले मी खाल्ले.

दुपारी हौद रिकामा करून घासायला लावला. तळात गाळ होता. उद्या आमच्या गल्लीची पाळी, तर ताजं स्वच्छ पाणी भरू, पाव्हण्यांना जुनं कशाला. आई म्हणाली, पाणी येईपर्यंत जुनं राहू दे, आल्यावर काढ. ही जुन्या पिढीची मानसिकता. राहिलेल्या पाण्यानं कार धुतली. चकचकीत.

आत्ता मेसेज आला. उद्या पाणी ३९० वाजता. टँकर: फॉल्स. तक्रार: १६०.

आई म्हणाली, तीनशे नव्वद वाजता म्हणजे कधी रे? श्रेया माझ्याकडं बघत होती. मी दोन मिनिटांत उलगडा केला. मोबाइल कंपनीनं मधला कोलन गिळला. मूळ आकडा ३:९०. आता घड्याळात नव्वद मिनिटं नसतात, म्हणजे त्यातला एक तास पुढं ढकलायचा. तीन वाजून नव्वद म्हणजे साडेचार. पहाटे साडेचारला आपला लाइनमन कुशीसुद्धा बदलत नाही, म्हणून दुपारचे साडेचार. तर्कशास्त्र. आई म्हणाली, तीन नव्वद. आणि पुरण हलवायला गेली.

म्हणजे सकाळ मोकळी. आईची किती वर्षांची इच्छा, अधिक महिन्यात पैठणला गोदावरीचं स्नान. सगळ्यांना घेऊन पहाटे निघतो, अकरापर्यंत परत. स्वयंपाकापुरतं माठात आणि दोन बादल्यांत आहे. जेवणं होतील, भांडी साडेचारच्या पाण्यात. प्लॅनिंग म्हणजे हे.

आई म्हणत होती बानाबाईंकडं किल्ली देऊ, पाणी आलंच तर त्या मोटार लावतील. मी किल्ली दिली नाही. स्वतःच्या सिस्टीमवर विश्वास नसेल तर ती बनवायची कशाला?

ज्ञानेश्वरीचे दोन फोन येऊन गेले. संकल्पाप्रमाणे घेतले नाहीत.

६ ऑगस्ट, रविवार, पहाटे ५:४०

निघतोय. कार छान दिसतेय. बानाबाई दारात उभ्या, हातात ताट. मी खिडकीतून हात केला.

त्याच दिवशी, सकाळी, पैठण

मोबाइलवर लिहितोय, वहीत नंतर उतरवीन. किंवा नाही उतरवणार.

आईचं स्नान झालं. तिनं ओंजळ भरून सूर्याला पाणी दिलं, अक्षदाच्या संसारासाठी. चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला होता. मला बरं वाटलं. अशा क्षणी माणसाला आपण किती कर्तबगार आहोत ते कळतं.

घाटावर ज्ञानेश्वरी भेटली. तिच्या आईबरोबर आली होती, डोक्यावर पदर घेतलेली आई, हातात दिव्यांची पत्रावळ. ज्ञानेश्वरीनं माझ्या आईला वाकून नमस्कार केला, मग मला म्हणाली, "सर, तुमच्या गल्लीत आज साडेसहाला पाणी होतं ना? घरी कोण थांबलंय?"

मी म्हणालो, साडेचारला.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी ऑफिसात सगळ्यांकडं पाहतो. म्हणाली, कोट आणि शून्य दोन्ही काढल्यावर ते त्या वेळेची मिनिटं करून ठेवतं सर. सहा तासांची तीनशे साठ, वर तीस. तीनशे नव्वद. काल सांगायला फोन केला होता.

आईला मिनिटांचं काही कळलं नाही. साडेसहा तेवढं कळलं. ती ओल्या लुगड्यात तशीच कारकडं चालायला लागली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

घटना क्रमानं लिहितो. तटस्थपणे.

परत आलो तेव्हा गल्लीत सगळ्यांच्या टाक्या काठोकाठ, ओटे धुतलेले, अंगणात सडे पडलेले. आमचा हौद घासून लख्ख आणि कोरडा. बानाबाई म्हणाल्या, "पाऊण तास व्हतं की पाणी. लई जोरात. तुमचा नळ बंद, दाराला कुलूप, मी काय करू?" आवाजात सहानुभूती होती. ती मला आवडली नाही.

टँकरवाल्यांना फोन केले. रविवार, वर अधिक महिना, सगळ्या घरांत धोंडे. कुणी उद्याशिवाय बोलेना. शेजाऱ्यांनी दोन बादल्या दिल्या, त्यांनाही आठ दिवस काढायचे होते; घरच्या दोन आणि त्या मिळून स्वयंपाकात गेल्या. श्रेया माझ्याशी बोलत नव्हती, भांड्यांशी बोलत होती, मोठ्यानं. आई देवघरासमोर बसून राहिली होती. म्हणाली, "लेकीच्या पहिल्या धोंड्याला पाय धुवाया पाणी नाय माझ्या घरात." मला म्हणाली नाही. देवाला म्हणाली. त्यामुळं जास्त लागलं.

मी शिव्या घालायला मनात माणूस शोधत होतो. मोबाइल कंपनी, लाइनमन, ज्ञानेश्वरी. आज एकही पुरेना.

साडेबाराला दाजींची पिकअप आली. मागं माणसं, आणि माणसांच्या मधोमध निळे दोन ड्रम, तोंडं पोत्यानं बांधलेली. पाणी. सिल्लोडच्या त्यांच्या विहिरीचं. आईनं पदर तोंडाला लावला.

मी विचारलं, हे कसं काय? दाजी चपला काढत म्हणाले, "तुमचाच मेसेज आला ना राव. वर पान्याचा टाइम लिव्हलेला, खाली लिव्हलंय फॉल्स. आमच्या पोराला इचारलं, फॉल्स म्हंजी काय, त्यो म्हनला खोटं. म्हनलं कंपनीच सांगती का हे खोटं हाय, तर मंग पानी घिऊनच जावं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आई हळूच म्हणाली, "फॉल्स म्हंजे खोटं व्हय? मंग तवाच का नाय सांगितलं मला, आजिनाथा?"

वर्तमानपत्र वाचत होतो, हे उत्तर होत नाही.

मग पाय धुण्याचा कार्यक्रम. दाजी पाटावर. मी आणि श्रेया खाली. श्रेया तांब्यानं पाणी घालत होती, मी धुवत होतो. पाय त्यांचे, पाणीही त्यांचंच. परात तेवढी आमची होती. दाजी म्हणाले, सावकाश, पानी पुरंल. चेष्टेनं म्हणाले नाहीत, खरोखर धीर द्यायला म्हणाले. मला चेष्टा चालली असती.

जेवताना आईनं त्यांच्या ताटात धोंड्यांवर अशी तुपाची धार धरली की ती हातानं अडवावी लागली. बऱ्याच दिवसांनी तिला एवढी हसताना पाहिलं. दाजींनी मला आग्रह करून एक अनारसा दिला, वाणातला. तेहतिसातला एक कमी झाला तरी चालतो म्हणाले. खाल्ला. चांगला झाला होता.

जाताना उरलेला अर्धा ड्रम ठेवून गेले.

"७ ऑगस्ट", "सोमवार", "सकाळी ०९:१५"

ऑफिस. शहरभर निरनिराळ्या गल्ल्यांना ३९०, ४८० आणि ३४५ वाजता पाणी कळवलं गेलं होतं. १६०ला कुणाचा फोन लागत नाही म्हणून लोक थेट दारात आले होते. तात्यासाहेबांनी पहिल्यांदाच सेटिंग्जची फाइल स्वतःहून उघडायला लावली. म्हणाले, एवढी मोकळी कशाला केली? मी म्हणालो, तुम्हालाच आवडली होती. ते म्हणाले, मला काय कळतं त्यातलं.

निर्णय: यापुढं मी फाइलीत काहीही बदल केला तर आधी ज्ञानेश्वरी तपासणार, तिनं हो म्हटल्यावर स्क्रिप्ट चालणार. ह्याला रिव्ह्यू म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांत असतो. खरं तर ही पद्धत आपल्याकडं यावी असं मला कधीपासून वाटत होतं, आणि तसं मी कुठंतरी लिहूनही ठेवलं असेल. मागची पानं चाळली. नाही लिहिलेलं.

ज्ञानेश्वरीनं कोट परत लावले, फिल्टरही लावले. संध्याकाळी निघताना विचारलं, आईंचं धोंड्याचं व्यवस्थित झालं ना सर? मी हो म्हणालो. खरंच झालं होतं.

पुढचं पाणी "१४ ऑगस्ट". वेळ मेसेजात येईल.

घरी आलो तर आईनं कपाटातून ताट काढून नळाखाली उपडं ठेवलं होतं. नळही उघडा. ताट एका बाजूला कललं होतं, तसं राहिलं तर नीट वाजलं नसतं. मी सरळ केलं.